रिहॅबमध्ये नवीन आहात? पेशंटला काय जमतं ते कसं तपासायचं, कोकणातली घरं डोळ्यासमोर ठेवून

रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात नव्याने फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून लागलेल्या आणि इंटर्नशिप करणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. कॉलेजात आपण सांध्याचे अंश मोजायचा गोनिओमीटर धरायला शिकतो, ताकदीचे ग्रेड पाठ असतात, पण पहिल्यांदा एखाद्या वाडीत होम व्हिजिटला गेलं की घरचे विचारतात, "डॉक्टर, हे परत स्वतःचं स्वतः करतील ना?" आणि गुडघा किती डिग्री वाकतो हे काही त्या प्रश्नाचं उत्तर नसतं. त्यांना हवं असतं की बाबा रात्री उठून संडासला एकटे जाऊ शकतील का, आईला घरात सोडून भात लावायला जाता येईल का. फंक्शनल असेसमेंट म्हणजे नेमकं हेच, पेशंट त्याच्या घरात, त्याच्या रोजच्या दिवसात, कुणाच्या किती मदतीने काय काय खरोखर करतो ते डोळ्यांनी बघून लिहायचं. बाकी सगळ्या टेस्ट त्याच्या मागून.

आपल्याकडे येणारे पेशंट साधारण ठरलेले असतात. स्ट्रोक म्हणजे अर्धांगवायूचे बरेच, मग घसरून खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं, शुगरमुळे पाय कापावा लागलेले, आणि नारळाच्या नाहीतर आंब्याच्या झाडावरून पडून मणक्याला मार लागलेले तरुण पुरुष. प्रत्येकाचं तपासणं थोडं वेगळं आहे पण पायऱ्या त्याच, म्हणून एकत्रच सांगते.

आधी कागद वाचा, मग हात लावा

ऑपरेशन कोल्हापूरला झालेलं असतं, किंवा गोव्यात बांबोळीला, किंवा मुलगा मुंबईला घेऊन गेलेला असतो, आणि आपल्या हातात येते एक चुरगळलेली पिशवी ज्यात डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, औषधाची बिलं सगळं एकत्र. ती पिशवी पूर्ण बघा, कंटाळा करू नका. बघायचं काय, तर कुठली बाजू, किती दिवस झाले, बीपी-शुगरच्या गोळ्या कुठल्या, फिट येते का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पायावर वजन किती टाकायला परवानगी आहे. हे लिहिलेलं नसेल तर सर्जनला फोन लावा, उत्तर मिळेपर्यंत उभं करू नका. खुब्याचा बॉल बदललेला असेल तर कुठल्या बाजूने ऑपरेशन केलंय आणि खाली बसायला, पाय ९० अंशाच्या वर वाकवायला मनाई आहे का ते विचारून घ्या, कारण आपल्या घरांत सगळा कारभार जमिनीवर असतो आणि पेशंट तुमच्यासमोर सहज पाटावर बसायला जाईल.

आजाराच्या आधी माणूस काय करत होता

हा भाग नवीन मुलं दोन मिनिटांत उरकतात, मला वाटतं इथे पंधरा मिनिटं दिली पाहिजेत. "आधी चालत होते का?" एवढं विचारून काही कळत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस विचारा. उठल्यावर कुठे जायचे, विहिरीचं पाणी कोण काढायचं, गुरं होती का, बागेत जायचे का, बाजाराला एसटीने जायचे की रिक्षाने, मासळी विकायला बसायच्या का, आंबोळ्या कोण घालायचं. मुलगी-सुनांना हे विचारलं की त्या भराभरा सांगतात आणि त्यातूनच पुढचं ध्येय सापडतं. एखाद्या काकांना चालण्यापेक्षा बोटीचं जाळं विणायला हात चालायला हवा असतो, एखाद्या काकूंना विळीवर बसून नारळ खवता आला की बाकी काही नको असतं.

सोबत घरात कोण कोण राहतं ते लिहा, कोण येतं-जातं ते वेगळं लिहा. इथे ही मोठी गोष्ट आहे. गणपतीत आणि शिमग्याला घर भरलेलं असतं, चार धरणारे हात असतात, चाकरमानी गेले की मागे दोन म्हातारी माणसं उरतात. तुमची तपासणी गणपतीच्या आठवड्यात झाली तर मदतीचा हिशोब पूर्ण चुकेल, तेव्हा "एरवी कोण असतं?" हा प्रश्न ठरवून विचारायचा.

सुरक्षितता

झोपलेलं असताना बीपी बघा, मग उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत परत बघा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते उभं राहिल्यावर बीपी पडणं आहे, त्या दिवशी चालण्याच्या टेस्ट करायच्या नाहीत, डॉक्टरांना कळवायचं. बरेच दिवस अंथरुणात असलेल्यांमध्ये हे खूप दिसतं. नाडी, ऑक्सिजन, शुगरवाल्यांचं शेवटचं जेवण कधी झालं, हेही बघून घ्या.

कमरेला बेल्ट बांधा, नसेल तर जाड पंचा घट्ट गुंडाळून चालतो. तुम्ही कमजोर बाजूला आणि जरासं मागे उभं राहायचं. लुळ्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही, घरच्यांनाही पहिल्याच दिवशी हे सांगा कारण उठवताना सगळे काखेतूनच ओढतात आणि मग खांदा इतका दुखतो की पुढचे महिने वाया जातात. छातीत दुखलं, गरगरलं, घाम फुटला, दम लागून बोलता येईना तर थांबायचं, "अजून एक राउंड" नाही.

ऐकू येतं का, कळतं का, दिसतं का

टेस्ट सुरू करण्याआधी चष्मा लावलाय का, कानाचं मशीन आहे का, ते बघा. मोतीबिंदूमुळे पायरी न दिसणारी आजी आणि पाय उचलता न येणारी आजी, दोघी पायरीशी सारख्याच थांबतात.

स्ट्रोक असेल तर दोन गोष्टी वेगळ्या तपासा. एक बोलणं. पेशंटला शब्द सापडत नाहीत की तुमचं म्हणणंच कळत नाही यात खूप फरक आहे. "डोळे मिटा", "डावा हात उचला" असं नुसतं तोंडाने सांगा, हाताने दाखवू नका, दाखवलं तर तो नक्कल करेल आणि तुम्हाला वाटेल सगळं समजतंय. आणि जो माणूस आयुष्यभर मालवणी बोललाय त्याला पुस्तकी मराठीत सूचना देऊ नका, घरातल्या कुणाला तरी त्यांच्या बोलीत तेच वाक्य बोलायला लावा, प्रतिसाद एकदम बदललेला दिसतो. दुसरी गोष्ट म्हणजे एका बाजूकडे दुर्लक्ष. ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो, डावी बाही घालायचीच राहते, चालताना डावा खांदा दाराला आपटतो. हाताची ताकद चांगली असूनही अशा पेशंटला एकटं सोडता येत नाही.

जेवताना ठसका लागतो का, पाणी प्यायल्यावर आवाज ओला घरघरता होतो का, हे विचारा. होत असेल तर तुमच्यासमोर पाणी पाजून बघायच्या फंदात पडू नका, गिळण्याची नीट तपासणी करणाऱ्याकडे पाठवा. पेज पातळ असते, तीच सगळ्यात जास्त ठसकवते आणि आपल्याकडे आजारी माणसाला पहिली पेजच देतात.

ताकद, सांधे, संवेदना

हे करायचंच, पण पाऊण तास यातच घालवू नका. ताकद ० ते ५ मध्ये, सांध्यांची हालचाल, स्नायूंचा कडकपणा, स्पर्श आणि पायाच्या अंगठ्याची दिशा कळते का, बस. शुगरवाल्या पेशंटचा पाय कापलेला असेल तर उरलेला पाय जास्त काळजीने बघा, तळवा, बोटांच्या मधली जागा, १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे बारीक नायलॉनच्या तंतूने, संवेदना, कारण चिऱ्याच्या अंगणात अनवाणी चालायची सवय असते आणि तो दुसरा पाय वाचवणं हेच खरं रिहॅब आहे.

आता मुख्य काम: करताना बघा

विचारलं की दोनच उत्तरं येतात. पेशंट म्हणतो "माका सगळा जमता", घरचे म्हणतात "काहीच करत नाही हो". दोघेही खोटं बोलत नसतात, एकाला जुनं आठवतं आणि दुसऱ्याला त्रास आठवतो. म्हणून करून दाखवायला सांगा, आणि शक्य तेवढं खऱ्या जागी. कूस बदलणं, उठून बसणं, कडेला पाय सोडून आधाराशिवाय बसणं, उभं राहणं, पलंगावरून खुर्चीवर जाणं, चालणं, संडासात जाऊन येणं, पायरी, याच क्रमाने जायचं म्हणजे आधीचं जमत नसेल तर पुढच्याचा धोका पत्करावा लागत नाही.

मदत किती लागली ते लिहायची एक चांगली पद्धत एफआयएम नावाच्या मापनात आहे. त्यात १८ बाबी असतात, प्रत्येकीला १ ते ७, एकूण १८ ते १२६. ते अधिकृतपणे वापरायला प्रशिक्षण लागतं, पण त्यातला विचार रोजच्या नोंदीत कामाला येतो. ७ म्हणजे पूर्ण स्वतंत्र, ६ म्हणजे काठी-वॉकर घेऊन किंवा जास्त वेळ घेऊन स्वतंत्र, ५ म्हणजे हात लावावा लागत नाही पण कुणीतरी जवळ हवं किंवा वस्तू मांडून द्याव्या लागतात, ४ म्हणजे तीन चतुर्थांश किंवा जास्त कष्ट पेशंटचे, ३ म्हणजे निम्मे किंवा त्याहून जास्त, २ म्हणजे पाव ते निम्मे, १ म्हणजे पावापेक्षाही कमी. "मदत लागते" असं नुसतं लिहिलं की त्याचा काहीच अर्थ होत नाही, धरायला लागलं की उचलायलाच लागलं हे कळलं पाहिजे.

नवीन माणसाने सुरुवात बार्थेल इंडेक्सने करावी असं माझं मत आहे. १९६५ पासून वापरात आहे, १० बाबी, एकूण १०० गुण, ५-५ च्या टप्प्याने, आणि पाठ व्हायला सोपं. जेवण १०, आंघोळ ५, तोंड-दाढी-केस ५, कपडे १०, शौचावर ताबा १०, लघवीवर ताबा १०, संडासचा वापर १०, पलंग ते खुर्ची १५, सपाटीवर चालणं १५, जिना १०. नियम दोन लक्षात ठेवा. पेशंट प्रत्यक्षात जे करतो त्याला गुण द्यायचे, करू शकला असता त्याला नाही. आणि शेजारी कुणी लक्ष ठेवायला उभं राहावं लागत असेल तर तो स्वतंत्र धरायचा नाही, मग हात लावलेला नसला तरी. काठी, वॉकर, चमचा यांची मुभा आहे, त्याचे गुण कापायचे नाहीत.

गोंधळ होतो तो आपल्या घरांमुळे. जेवणाचंच घ्या. उजवा हात गेलेला पेशंट डाव्या हाताने छान जेवू शकतो, पण डाव्या हाताने जेवायचं मनाला पटत नाही, मग सून भरवते. बार्थेलमध्ये गुण ०, कारण तो प्रत्यक्षात स्वतः जेवत नाही. पण शेजारी लिहायचं की डाव्या हाताने चमचा तोंडापर्यंत नीट जातो, नेऊन दाखवला. मग पुढच्या आठवड्याचं काम व्यायामाचं नसतं, पेशंटशी आणि घरच्यांशी बोलण्याचं असतं. मासे कुणीतरी काटे काढून देत असेल आणि बाकी तो स्वतः जेवत असेल तर ५. आंघोळीला तापवलेलं पाणी बंबातून काढून न्हाणीघरात नेऊन देणं हे आपल्याकडे धडधाकट माणसालाही घरचे करतात, म्हणून मी ते कमीपणात धरत नाही, नोंद मात्र करते; आत जाणं, अंगावर पाणी घेणं, साबण, पुसणं आणि बाहेर येणं हे कुणी बघायला न थांबता झालं तरच ५. कॅथेटर असेल आणि पिशवी पेशंट स्वतः सांभाळत असेल तर लघवीचे पूर्ण १०, दुसऱ्याला सांभाळावी लागत असेल तर ०. चालण्यात १५ म्हणजे साधारण ४५ मीटर एकट्याने, काठी चालेल. एका माणसाचा आधार किंवा सोबत लागत असेल तर १०. व्हीलचेअरवर तेवढंच अंतर वळणासकट स्वतः जात असेल तर ५.

करताना बघणं म्हणजे काय ते एका घरातलं सांगते. पावसाळ्यात एका आजींकडे गेले होते, डाव्या बाजूचा स्ट्रोक, हॉस्पिटलच्या कागदावर चालणं "स्वतंत्र, काठीसह". पडवीत त्या खरंच मस्त चालल्या. मग म्हटलं न्हाणीघरापर्यंत जाऊया. माजघराच्या उंबरठ्याशी त्या थांबल्या, काठी उजव्या हातातून भिंतीला टेकवली आणि चौकट धरली, उजवा पाय पलीकडे गेला, डाव्याचा अंगठा उंबरठ्याला अडकला. त्यांनी अंग उजवीकडे कलवून पाय बाजूने फिरवून आणला, तेवढ्यात काठी मागेच राहिली कारण ती घ्यायला हात मोकळा नव्हता. पुढची सगळी पावलं विनाकाठीची, भिंतीला हात लावत, आणि शेवटी न्हाणीघराची ओली चिऱ्याची पायरी, कठडा नाही. रोज दिवसातून चार-पाच वेळा हेच चाललेलं. पडवीतल्या चालण्यावर मी गुण दिले असते तर हे काहीच कागदावर आलं नसतं. उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडा, काठीला मनगटात अडकवायचा पट्टा, आणि पाय वर उचलण्याचा सराव त्याच उंबरठ्यावर, एवढ्यावर काम सुरू झालं.

बार्थेलची मर्यादा पण माहीत असू द्या. १०० पैकी १०० मिळालेला माणूस जमिनीवरून उठू शकत नसेल, उकिडवं बसून देशी संडास वापरू शकत नसेल, रहाटाने पाणी काढू शकत नसेल, तरी आकडा १०० च राहतो. म्हणून मी खाली चार ओळी स्वतःच्या लिहिते: जमिनीवर बसणं-उठणं, उकिडवं बसणं, कठड्याशिवायच्या पायऱ्या, आणि हातात काहीतरी घेऊन चालणं. स्वयंपाक, बाजार, पैसे, औषधं, फोन यासाठी लॉटनची ८ बाबींची यादी आहे, १९६९ ची. तीही घ्या, पण समजून घ्या, ज्या पुरुषाने आयुष्यात चूल पेटवली नाही त्याला स्वयंपाकात शून्य देऊन काही सिद्ध होत नाही. मणक्याला मार लागलेल्यांसाठी एससीआयएम नावाचं वेगळं मापन आहे, ० ते १००, त्यात श्वास आणि व्हीलचेअरवरच्या हालचालीही मोजल्या जातात, तिथे बार्थेल अपुरं पडतं.

घड्याळ लावून करायच्या टेस्ट

खुर्चीवरून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, ही टाइम्ड अप अँड गो टेस्ट, टीयूजी म्हणतात. अंगणात टेपने ३ मीटर मोजून चुन्याची रेघ मारा. पेशंटने रोजची चप्पल घालायची, रोजची काठी घ्यायची, नेहमीच्या वेगाने चालायचं, एकदा सराव करू द्या आणि मग वेळ लावा. वयस्कर माणसाला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. हात असलेली खुर्ची लागते, सीट साधारण ४६ सेंटीमीटर उंच. आपल्याकडे सगळीकडे प्लास्टिकची खुर्ची असते, ती लादीवर मागे सरकते, म्हणून भिंतीला टेकवा आणि ती कुठली खुर्ची होती हेही लिहा.

चालण्याचा वेग हा माझा सगळ्यात आवडता आकडा आहे, स्वस्त आणि खूप काही सांगणारा. १० मीटर अंतर आखा, पहिले आणि शेवटचे २ मीटर सोडून मधल्या ६ मीटरचा वेळ घ्या. ६ मीटरला १२ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.५ मीटर. स्ट्रोकच्या पेशंटमध्ये ०.४ च्या खाली असेल तर माणूस साधारण घरापुरताच चालतो, ०.४ ते ०.८ मध्ये बाहेर थोडंफार, ०.८ च्या वर बाहेर मोकळेपणाने. पुढच्या वेळी ०.१ ने वाढला तरी ती खरी सुधारणा समजा. मात्र हे आकडे सपाट जमिनीचे आहेत, रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून जायचं असेल तर ०.८ वाला माणूससुद्धा घरातच अडकून राहतो.

३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठतो ही टेस्ट पायांच्या ताकदीसाठी छान, हात छातीवर घडी घालून. ७० ते ७४ वयात पुरुषाला १२ पेक्षा आणि बाईला १० पेक्षा कमी जमलं तर कमी धरायचं. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल तर गुण शून्य, पण शून्य लिहून गप्प बसू नका, हात टेकून किती वेळा उठला ते शेजारी लिहा नाहीतर सुधारणा दिसणारच नाही. तोलासाठी बर्ग स्केल आहे, १४ कृती, ५६ गुण, ४५ च्या खाली गेलं की पडण्याबद्दल सावध व्हायचं, पण कुठल्याही एका आकड्यावर "हे पडणार नाहीत" असं घरच्यांना सांगू नका.

६ मिनिटांच्या चालण्याच्या टेस्टला ३० मीटर सरळ जागा लागते, ती घरात मिळत नाही, हॉस्पिटलच्या व्हरांड्यातच करा. छोट्या अंगणात गोल गोल फिरवून मिळालेलं अंतर त्या ३० मीटरवाल्याशी तुलना करायचं नसतं. विश्रांतीत नाडी १२० च्या वर किंवा बीपी १८०/१०० च्या वर असेल तर करू नका, मागच्या महिन्याभरात हार्ट अटॅक आलेला असेल तर अजिबात नाही.

घर आणि वाट मोजा

टेप बाहेर काढलीच आहे तर उंबरठ्याची उंची, पायऱ्यांची उंची, पलंगाची उंची, संडासच्या दाराची रुंदी मोजून घ्या. वॉकर दारातून जातो का ते वॉकर नेऊनच बघा. रात्री दिवा कुठे लागतो, लाइट गेली की काय करतात, संडास घराच्या बाहेर आहे का. आणि ऋतू लिहा, हे फक्त आपल्यालाच सुचेल. मे महिन्यात कोरडी असलेली पायवाट जुलैत शेवाळाने हिरवीगार होते, त्याच पेशंटला त्याच वाटेवर मग कुणाचा तरी हात लागतो. मी मेमध्ये तपासलेल्या पेशंटच्या कागदावर "पावसाळ्यात पुन्हा बघणे" असं लिहूनच ठेवते.

हे सगळं एका चौकटीत बसवायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची २००१ ची आयसीएफ रचना वाचा. शरीराचं काम, माणसाच्या कृती, त्याचा समाजातला सहभाग, आणि भोवतालची परिस्थिती अशी मांडणी आहे त्यात. पावसातली पाखाडी ही त्यातली परिस्थिती, आणि काकांचं देवळातल्या भजनाला जाणं बंद झालं हा सहभाग. भजनाचं विचारायला विसरू नका, लोक स्वतःहून सांगत नाहीत.

लिहायचं कसं

नोंद अशी असावी की उद्या तुमच्या जागी दुसरं कुणी गेलं तरी त्याला पेशंट डोळ्यासमोर दिसला पाहिजे. उदाहरणार्थ: "पलंगावरून, उंची ४५ सेंमी, उजव्या हाताने कड दाबून उभ्या राहतात, एका माणसाने कमरेला हलका हात, तिसऱ्या प्रयत्नात. काठीने पडवीत १५ मीटर, वळताना डावीकडे तोल, सोबत हवी. उंबरठा ओलांडताना मदत. देशी संडास वापरत नाहीत, खुर्ची-कमोड, स्वच्छता सून करते. बार्थेल ५५. टीयूजी ३४ सेकंद, काठीसह. घरात एरवी नवरा, वय ७८, त्याला उचलणं जमणार नाही." यातून ध्येय आपोआप निघतं: चार आठवड्यांत दिवसा कमोडपर्यंत एकट्याने जाणं-येणं आणि स्वच्छता स्वतः करणं. "चालणं सुधारणे" हे ध्येय नाही, ते कधी पूर्ण झालं हेच कळत नाही.

घरच्यांना बाजूला घेऊन विचारा की तुम्ही कुठली कामं फक्त घाईमुळे करून देता. बटणं लावायला बाबांना दहा मिनिटं लागतात, सुनेला सकाळची बस गाठायची असते, तिचं चुकत नाही. तरी ते कागदावर आलं पाहिजे, म्हणजे रविवारी बाबांना बटणं लावू द्यायची असं ठरवता येतं.

घरचे अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल हमखास विचारतील. तुमचा बार्थेलचा आकडा म्हणजे दाखल्याची टक्केवारी नाही. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय, बऱ्याच सवलतींना किमान ४० टक्के लागतं, आणि ती टक्केवारी अधिकृत वैद्यकीय मंडळ किंवा अधिकारीच ठरवतात. तुमच्या नोंदीची एक प्रत सोबत द्या आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करायला सांगा.

पुन्हा तपासताना सगळं तसंच ठेवा, तीच खुर्ची, तीच चप्पल, तीच काठी, शक्यतो दिवसाची तीच वेळ. पार्किन्सनच्या पेशंटला तर गोळी घेऊन किती वेळ झाला हे दोन्ही वेळी लिहायलाच हवं, गोळीचा असर असताना १४ सेकंदांत येणारा माणूस असर उतरल्यावर खुर्चीतून उठतच नाही. स्ट्रोकनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मी दोन-दोन आठवड्यांनी बघते, नंतर महिन्याने, आणि पेशंट पडला, आजारी पडला किंवा घरातला सांभाळणारा माणूस बदलला की तारखेची वाट न बघता लगेच. कागदाची एक प्रत घरीच औषधाच्या डब्यात ठेवायला सांगा, पुढच्या वेळी मुंबईहून आलेला मुलगा पहिल्यांदा तिथेच हात घालतो.